वैरणीची खोटी काटकसर

पौषांतील पहाटे संगमनेरी शेळीचें नुकतें जन्मलेलें करडूं गारठून मरतें, तेव्हां “थंडीनें गेलें” असें म्हणून आपण मोकळे होतों. माझ्या मतें, यांत थंडीइतकाच दोष आपल्या काटकसरीचा असतो.

करडाच्या मूत्रपिंडांभोंवतीं तपकिरी चरबी असते. ती जाळून तें ऊब निर्माण करितें. त्यासाठीं तेथें रक्ताचा भरपूर पुरवठा लागतो. रक्तवाहिन्यांचें अस्तर नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु तयार करितें व तो वाहिन्या सैल करून रक्ताची वाट रुंद करितो. या वायूचें कार्य शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उंदरांवरील प्रयोगांत याच वायूमुळें चरबीच्या पेशींतील ऊर्जा निर्माण करणारे कण वाढल्याचेंही आढळलें.

परंतु चूल कितीही चांगली असली तरी सरपणावांचून पेटत नाहीं. जन्मतःची चरबी थोडी. ती संपण्यापूर्वीं चीक पोटांत गेला पाहिजे, आणि अर्धपोटीं शेळीस चीक कोठून यावा? वैरण उन्हाळ्याकरितां राखावी लागते, हें मला मान्य आहे. पण ती गाभण शेळीच्या तोंडची काढूं नये. शेवटचा दीड महिना तिला खुराक वाढवावा, गोठ्यास वाऱ्याच्या बाजूनें तट्टे लावावे, करडूं कोरडें पुसून पहिल्या तासांतच चीक पाजावा.

कारकुनींत आयुष्य गेलें, म्हणून जमाखर्चाच्या भाषेंत विचारतों: पेंढी वाचली, करडूं गेलें, शिल्लक काय राहिली?