‘या’ बातमीची किंमत किती?

‘पुण्यातल्या ‘या’ भागात उद्या पाणी नाही!’

केलंत ना क्लिक? करणारच. उद्या सकाळी आंघोळ होणार की नाही हा प्रश्न आहे, बॉस! मग पान उघडतं. वर एक जाहिरात, खाली एक जाहिरात, मध्येच कुठला तरी व्हिडिओ आपोआप बोंबलायला लागतो आणि आख्खं डिपार्टमेंट मान वर करून तुमच्याकडे बघतं. धरणातला साठा, मागच्या वर्षीचा पाऊस, महापालिकेचं आवाहन असं सगळं वाचत तुम्ही शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोहोचता, तेव्हा कुठे कळतं की तुमचा भाग त्या ‘या’मध्ये नाहीच.

मराठी बातम्यांच्या साइट्सवर रोज भेटणारा हा एकाक्षरी ‘या’ आता आपल्या चांगल्याच ओळखीचा झालाय. ‘या’ अभिनेत्रीने, ‘या’ बँकेने, ‘या’ तीन राशींनी... आपण त्यावर जोक मारतो, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. पण हेडिंग देणारा तो सब-एडिटर काही बावळट नाही. छापील पेपरात काम करत असता तर त्यानेच ‘कोथरूड, बाणेरमध्ये उद्या पाणी बंद’ असं लिहून विषय संपवला असता. कारण तो पेपर तुमच्या दारात आधीच येऊन पडलेला असतो, महिन्याचं बिल पेपरवाल्याला जाणारच असतं. नेटवर मात्र बातमी फुकट. पैसे येतात ते क्लिक मोजून जाहिरातींतून. हेडिंगमध्येच सगळं सांगून टाकलं तर तुम्ही क्लिक कशाला कराल?

म्हणजे घोळ भाषेचा नाही, पैशांचा आहे. आपल्या देशातल्या ऑनलाइन पत्रकारितेची अख्खी स्टोरी याच एका प्रश्नाभोवती फिरते... बातमीचे पैसे देणार कोण?

फॉन्ट डाउनलोड करा

थोडं मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी ‘द हिंदू’ नेटवर आला, पुढच्या वर्षी मुंबईतून ‘रेडिफ’. मराठी पेपरही हळूहळू आले, पण प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा! तो डाउनलोड केला नाही, तर अग्रलेखाच्या जागी नुसते चौकोन आणि अगम्य चिन्हं. तरीही न्यू जर्सीतला आणि दुबईतला मराठी माणूस अगदी नेटाने गावाकडच्या बातम्या वाचायचा. पुढे युनिकोड रुळला आणि ही कटकट संपली.

पण तेव्हा ऑनलाइन बातमी म्हणजे छापील पेपरची झेरॉक्स, असाच सगळ्यांचा समज होता. खरी पत्रकारिता छापखान्यात होणार आणि नेटवर तिची शिळी कॉपी येणार!

या समजाला पहिला सॉलिड धक्का दिला ‘तहलका डॉट कॉम’ने. जेमतेम वर्षभराची वेबसाइट. तिच्या पत्रकारांनी ‘वेस्ट एंड’ नावाची खोटी शस्त्र कंपनी उभी केली, छुपे कॅमेरे लावले आणि लाच घेणाऱ्यांना टिपलं. १३ मार्च २००१ ला ती दृश्यं जगासमोर आली. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण एक लाख रुपये घेताना दिसले. त्यांना पद सोडावं लागलं, संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनीही राजीनामा दिला. फर्नांडिस काही महिन्यांत मंत्रिमंडळात परतले. लक्ष्मण यांना मात्र २०१२ मध्ये कोर्टाने चार वर्षांची शिक्षा सुनावली. ‘तहलका’च्या काही पद्धतींवर टीका झाली, आणि ती रास्तही होती. पण देशाच्या राजकारणाला एक वेबसाइट हलवू शकते, हे त्या दिवशी कळलं.

पुढची गोष्ट कमी लोकांना आठवते. वेबसाइटमध्ये पैसा गुंतवणाऱ्या कंपनीमागे चौकश्यांचा ससेमिरा लागला. नवा गुंतवणूकदार फिरकेना. शंभरावर माणसांचं ऑफिस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांवर आलं. २००४ मध्ये ‘तहलका’ परतलं, पण साप्ताहिक म्हणून, तेही छापील आणि वाचकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून. बातमी गाजली म्हणून गल्ला भरत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

डेटा स्वस्त, बातमी फुकट

मग आला स्मार्टफोन. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये आलं जिओ. त्याआधी एक जीबी डेटासाठी दोनशे-अडीचशे रुपये मोजणारे आपण, काही महिने तर चक्क फुकटात नेट वापरत होतो. जे लोक कधी कॉम्प्युटरसमोर बसलेच नव्हते, ते थेट मोबाइलवर बातम्या बघायला लागले.

याच सुमारास नवी पिढी उभी राहिली. ‘न्यूजलाँड्री’ २०१२ ची. ‘स्क्रोल’ आणि ‘द न्यूज मिनिट’ २०१४ चे, ‘द वायर’ २०१५ ची. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या अखेरीस मुंबईतून ‘पारी’ सुरू केलं. ऊसतोड कामगार, मेंढपाळ, विणकर यांच्या आयुष्यावरचे लेख तिथे मराठीतही वाचायला मिळतात. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ पासून स्थानिक बोलीत पेपर काढणाऱ्या ‘खबर लहरिया’च्या बायकांनी छापील अंक सोडून हातात मोबाइल घेतला. यातल्या बऱ्याच जणी दलित. खाणमाफियापासून पोलीस ठाण्यापर्यंत कुठेही जाऊन प्रश्न विचारणाऱ्या. त्यांच्यावरची ‘रायटिंग विथ फायर’ ही डॉक्युमेंटरी २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

ना छापखाना, ना टेम्पो, ना स्टॉल. फोन आणि हिंमत असली की झालं! ऑनलाइनचा हा खरा फायदा. पण त्याच स्वस्त डेटावर दुसरंही काही तरी पसरत होतं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवर भरपूर फिरली होती. भिक्षा मागत गावोगाव हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने अक्षरशः ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

फोनच्या स्क्रीनवर बातमी आणि अफवा दिसायला सारख्याच असतात. फरक मागच्या कामात असतो. बातमीमागे कुणी तरी चार फोन केलेले असतात, कागद तपासलेले असतात, एसटीने त्या गावात जाऊन आलेलं असतं. अफवेला यातला एक रुपयाही खर्च येत नाही. म्हणून तर दोन्ही फुकट मिळायला लागल्या की अफवा नेहमी पुढे पळते.

साइट गेली, बातमी उरली

आता एक उदाहरण बघा. इलेक्टोरल बाँड... कुणी कोणत्या राजकीय पक्षाला किती पैसे दिले हे तुम्हा-आम्हाला कळू न देणारी योजना. नोव्हेंबर २०१९ मध्ये पत्रकार नितीन सेठी यांनी यावर ‘हफपोस्ट इंडिया’ या वेबसाइटवर मालिकाच लिहिली. माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांवरून त्यांनी दाखवलं की खुद्द रिझर्व्ह बँकेने या योजनेवर आक्षेप घेतले होते आणि सरकारने ते बाजूला सारले होते. ते कागद मिळवण्यासाठी नौदलातले एक निवृत्त अधिकारी चिकाटीने अर्ज करत राहिले होते.

वर्षभरातच, नोव्हेंबर २०२० मध्ये, ती वेबसाइटच बंद पडली. मूळ अमेरिकी कंपनीचा मालक बदलत होता. आणि डिजिटल बातम्यांमध्ये २६ टक्क्यांपेक्षा जास्त परकीय गुंतवणूक चालणार नाही, असं सरकारने २०१९ मध्येच ठरवलं होतं. नव्या मालकाला भारतातली आवृत्ती ताब्यात घेता येईना. खेळ खल्लास.

बातमी मात्र मेली नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये देणगीदारांच्या याद्या बाहेर आल्या, त्याही हजारो नोंदींच्या. मग ‘न्यूजलाँड्री’, ‘स्क्रोल’, ‘द न्यूज मिनिट’ आणि काही स्वतंत्र पत्रकारांनी एकमेकांशी स्पर्धा करायचं सोडून एकत्र बसून त्या याद्या चाळल्या. कोणत्या कंपनीवर कधी छापा पडला, तिने बाँड कधी घेतले, हे जुळवून दाखवलं. या कामाचे पैसे जाहिरातदार देईल? ज्याचं नाव यादीत असू शकतं, तो तर नक्कीच नाही. सरकारी जाहिरातींवर जगणारी कंपनीही असल्या भानगडीत पडताना दहादा विचार करेल. मग उरतो कोण? तुम्ही आणि मी.

सरकारचा डोळाही या मंडळींवर आहेच. २०२१ च्या आयटी नियमांनी डिजिटल बातम्यांसाठी आचारसंहिता आणली. त्याविरोधात ‘द लीफलेट’ ही वेबसाइट आणि ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे मुंबई हायकोर्टात गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टाने आचारसंहितेच्या मुख्य कलमांना स्थगिती दिली. पुढे, ऑनलाइन मजकुरातलं सरकारबद्दलचं काय खोटं हे सरकारनेच ठरवायचं, अशी सोय २०२३ मध्ये झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तीही मुंबई हायकोर्टाने रद्द केली. वाचायला छान वाटतं. पण कोर्टाच्या तारखा, वकिलांची फी? दहा-बारा माणसांच्या ऑफिसला ते परवडणार कसं?

मलेशियातली कॉन्ट्री

उत्तर मलेशियात सापडतं. तिथे पेपर आणि चॅनेल्सवर वर्षानुवर्षं सत्ताधाऱ्यांची पकड. १९९९ मध्ये ‘मलेशियाकिनी’ ही वेबसाइट निघाली आणि २००२ मध्ये तिने वाचकांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली. तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं असणार! २००३ मध्ये पोलिसांनी छापा घालून तिचे १९ कॉम्प्युटर उचलून नेले. तरी साइट टिकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने वाचकांच्या काही प्रतिक्रियांबद्दल तिला ५ लाख रिंगिटचा दंड ठोठावला. साइटने वाचकांना हाक दिली आणि काही तासांत तेवढी रक्कम जमा झाली! कुणी शेठ नाही, कुणी पक्ष नाही. साध्या लोकांनी काढलेली कॉन्ट्री.

आपल्याकडेही ‘न्यूजलाँड्री’सारख्यांनी जाहिराती न घेता वर्गणीवर चालायचा हट्ट धरलाय. इंग्रजीत हे थोडंफार जमतंय. मराठीत? एकट्याने यूट्यूब चॅनेल चालवणारे, तालुक्यातून बातम्या देणारे कितीतरी पत्रकार आहेत. पण पैसे देऊन मराठी बातमी वाचायची, हे आपल्या डोक्यातच बसत नाही. ओटीटीचं पॅकेज घेतो, मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला खिसा रिकामा करतो आणि बातमीच्या पानावर ‘सबस्क्राइब करा’ दिसलं की पटकन खिडकी बंद करतो. मग ‘मीडिया विकला गेलाय यार’ म्हणायला मोकळे. आपण विकत घेत नाही म्हटल्यावर दुसरं कुणी तरी घेणारच ना!

तर काय करायचं?

एक : आपल्या शहराबद्दल, आपल्या पाण्या-रस्त्यांबद्दल नीट लिहिणारी एक तरी साइट किंवा चॅनेल शोधा आणि गुगलच्या भरवशावर न राहता रोज थेट तिथे जा.

दोन : फॉरवर्ड करण्याआधी बातमी कुणी दिली, कुठून दिली, कोणत्या तारखेची आहे, एवढं बघा. अर्धा मिनिट लागतो.

तीन : वर्षातून एकदा पैसे द्या. मराठी असेल तर आधी तिला द्या. ऑफिसात दर वाढदिवसाला आपण कॉन्ट्री काढून केक आणतोच, त्यातला अर्धा दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये वाळत पडलेला असतो. पुढच्या बर्थडे बॉयला वर्षभराची वर्गणी गिफ्ट द्या. तोंड वाकडं केलंच, तर कॅन्टीनमधून एक पेस्ट्री आणून द्यायची.