कळीवरचे अक्षर कोणते?

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथे सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात राजवंशाची नामावळी संस्कृतात, तर दानाचा व्यावहारिक मजकूर प्राकृतात आहे. कामकाजाची भाषा राजप्रशस्तीच्या भाषेशेजारी त्याच पत्र्यावर कोरली गेली.

आज याच वऱ्हाडातला हौशी तरुण मेकॅनिकल कीबोर्ड निवडताना स्विच, आवाज आणि रंग यांची तासन्‌तास चिकित्सा करतो. टोप्या बदलता येतात, एवढ्यावर तो खूश असतो. त्या टोप्यांवर अक्षर कोणते, हा प्रश्न त्याला पडतच नाही. वास्तविक निवडीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

कळीवर देवनागरी असणे ही नवी चैन नव्हे. गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढे मराठी यंत्रे कचेऱ्यांत व टायपिंगच्या वर्गांत खडखडू लागली. मात्र त्या यंत्रावर लिपीला लोखंडापुढे वाकावे लागले. ‘कि’ उमटवताना वेलांटी आधी, क नंतर. भ, श यांसारख्या अक्षरांना अर्धे रूप आणि काना असे दोन ठोके. रेमिंग्टन पद्धतीने घडलेल्या हातांबद्दल आदर राखूनही म्हणावे लागते की, ती रचना यंत्राच्या अडचणीतून जन्मली होती आणि ती अडचण आता उरलेली नाही.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये मांडलेली आणि 1991 मध्ये भारतीय मानकात आलेली इन्स्क्रिप्ट रचना वर्णमालेला धरून चालते. स्वर डाव्या हाती, व्यंजने बहुतांशी उजव्या हाती. क आणि ख एकाच कळीवर, ल आणि ळ एकाच कळीवर. ‘वऱ्हाड’ लिहिण्यास लागणारा ऱ हा र च्याच कळीवर, शिफ्टसह. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यास यंत्राच्या अंदाजावर विसंबावे लागते. येथे ज्याचा शब्द, त्याचेच बोट.

म्हणूनच छोटेखानी कीबोर्डाचा मोह जपून करावा. आकड्यांची ओळही नसलेल्या, चाळीस टक्के म्हणवल्या जाणाऱ्या प्रकारांत उजवीकडच्या कळा छाटलेल्या असतात. इंग्रजीत त्यामुळे कंस वा अर्धविराम गैरसोयीचा होतो, इतकेच. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र ड कंसाच्या कळीवर, च अर्धविरामाच्या, ट अवतरणचिन्हाच्या आणि य तिरप्या रेघेच्या कळीवर बसतो. ‘वऱ्हाड’मधला ड शोधण्यासाठी दोन-तीन कळा एकदम दाबाव्या लागणे हा काटकसरीचा विचित्र नमुना! साठ टक्क्यांच्या कीबोर्डावर या सर्व कळा शाबूत असतात.

टोप्या घेतानाही एक पथ्य आहे. अनेक संचांत प्रत्येक ओळीच्या टोपीची उंची व उतार वेगळा असतो; वरच्या ओळीची टोपी खाली बसवली की बोट अडखळते. देवनागरी कोरून घ्यायची तर ओळ सांगूनच घ्यावी, आणि अक्षरे वरून छापलेली नसून प्लास्टिकमध्ये मुरलेली वा दुहेरी ओतलेली असावीत. वरवरची छपाई घासून जाते, आणि पहिला पुसला जातो तो बहुधा काना.