दुकानावाचून नाणेसंग्रह

आमच्या भागातील ज्या विद्यार्थ्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागतो, त्यांची एक तक्रार नेहमी कानी पडते. निपाणी, चिकोडी, खानापूर यांसारख्या गावी नाणी विकणारा जाणता व्यापारी नाही. नाण्यांची प्रदर्शने भरतात ती पुण्यास, मुंबईस अथवा बंगळुरास. तेथवर जाण्याचा खर्च घरातून मिळत नाही, आणि म्हणून संग्रह काही वाढत नाही. तक्रार खरी आहे. तथापि तिच्या मुळाशी जी समजूत आहे, ती मला मान्य नाही. विकत आणून आपल्या मालकीची केलेली नाणी म्हणजेच संग्रह, अशी ती समजूत होय. माझे मत असे की, सीमाभागातील विद्यार्थ्याने आपला संग्रह प्रथम वहीत करावा. नाणे ज्याचे त्याच्या घरी राहू द्यावे. आपण त्याची नोंद तेवढी आणावी.

हे ऐकून पुष्कळ जण हसतात. नाणेच हाती नाही तो संग्रह कसला, असे विचारतात. परंतु या मुलखात किती राजवटींचे चलन फिरून गेले, याचा त्यांनी थोडा विचार करावा. खानापूर तालुक्यातील हलशी ही गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर सिंह असे आणि सप्तकोटीश्वराचे नाव असे. पुढे विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल आला. मोगलांनी बेळगावास आझमनगर हे नाव दिले आणि ते रुपयांवर फारसी लिपीत उमटले. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या काळापासून शिवराई सुरू झाली. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असत. हे तांब्याचे नाणे पेशवाईतही पाडले जात होते, आणि पेशवाई बुडाल्यावरही काही वर्षे ते बंद झाले नाही. टांकसाळी अनेक व कारागीर अनेक, त्यामुळे अक्षरांची वळणे इतकी निरनिराळी की दोन शिवराया हुबेहूब सारख्या सापडणे कठीण. बेळगावाहून घाट उतरले की गोवा. तेथे सोळा तांगांचा एक रुपिया होई. १९५८ साली एस्कुदो आला आणि १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज अंमलच संपला. ज्या घरांची गोमंतकाशी सोयरीक किंवा व्यापार होता, त्यांच्या डब्यांत तांगा सापडला तर नवल मानू नये.

ही नाणी दुकानात नाहीत, घरांत आहेत. देव्हाऱ्यात आहेत, लाकडी पेटीच्या चोरकप्प्यात आहेत, कोणाच्या गळ्यातल्या माळेत आहेत. पुतळ्यांची माळ आपण सर्वांनी पाहिली आहे. ‘पुतळी’ हे मूळचे नाणे कोणते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. इटलीतील व्हेनिस नगराचे डुकाट नावाचे सुवर्णनाणे व्यापाराबरोबर दक्षिणेत आले. त्यावर त्या नगराचा अधिपती संत मार्कापुढे गुडघे टेकून बसलेला दाखविलेला असे. त्या मानवाकृतींवरून आपल्या लोकांनी त्यास पुतळी म्हटले, आणि मग आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडविल्या. त्यांना ती परकी अक्षरे वाचता येत नसल्यामुळे नकलांवरील अक्षरे अर्थहीन रेघा होऊन बसली. आजीच्या माळेतील पुतळी भिंगातून पाहून अक्षरे नीट आहेत की नुसत्या रेघा आहेत, एवढे जरी एखाद्या मुलीने लिहून ठेविले, तरी तिची वही एका अस्सल नोंदीने सुरू झाली असे मी म्हणेन.

नाणे कोठून आले हे ठाऊक असण्याला मी इतके महत्त्व का देतो, त्याचे उदाहरण निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे शिशाची काही नाणी मिळाली. एका बाजूस धनुष्यबाण. ब्राह्मी अक्षरांत विळिवायकुर, शिवळकुर अशी राजांची नावे. हे राजे आपणांस जवळजवळ केवळ या नाण्यांमुळेच माहीत आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने ‘बलेओकुरोस’ नावाच्या राजाचा उल्लेख केला आहे. तो हाच विळिवायकुर असावा, असे विद्वान मानतात. एका राजाने दुसऱ्याच्या नाण्यावरच आपला ठसा मारल्याचेही आढळले, आणि कोणता ठसा वर, कोणता खाली, एवढ्यावरून कोण आधी व कोण नंतर हा क्रम लावता आला. त्याच टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. शिशाला बाजारात किंमत ती काय! ती नाणी कोणी वितळवून गोळ्या केल्या असत्या, किंवा ती कोठे सापडली हे न सांगता परगावी विकली असती, तर या राजांचा मुलूख कोणता हे कशावरून सांगता आले असते?

आपल्या घरांतील नाण्यांवर आज हाच प्रसंग ओढवला आहे. घराची वाटणी होते, जुने रुपये मोडीत जातात, सराफाच्या मुशीत राणीछाप आणि राजाछाप एकच चांदी होऊन जाते. पैशाची गरज असलेल्या माणसाने रुपया मोडला तर त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण मोडण्यापूर्वी त्याची नोंद करावयास दमडीही लागत नाही. शिवाय चवली, पावली, अधेली, ढब्बू ही नावे ज्यांच्या तोंडी बाजारात होती, ती माणसे आता थोडी उरली आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापलीकडे आहे. महायुद्धाच्या काळात निघालेला भोकाचा पैसा पोरे करगोट्यात कशी ओवीत, हे त्याच्याकडूनच ऐकावे.

आता वहीविषयी. एका पानावर एकच नाणे घ्यावे. धातू, व्यास, दोन्ही बाजूंची अक्षरे व चित्रे, आणि वजन. वजनासाठी गावातील सोनाराचा काटा पुरतो. नम्रपणे विचारले तर तो नाही म्हणत नाही. नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने हलके घासले की ठसा उमटतो. भ्रमणध्वनीने छायाचित्रही घ्यावे, पण ठसा काढताना डोळा जे पाहतो ते छायाचित्र घेताना पाहत नाही. त्याखाली, हे नाणे घरात कसे आले याविषयी वडीलधारे जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. ‘पणजीच्या माहेराहून आले’ एवढीच हकीकत मिळाली, तर माहेरचे गाव विचारून लिहावे. राणीछाप रुपयांवर १८६२ हे साल वारंवार दिसते. ते साल पुढे १८७४ पर्यंत तसेच ठेविले होते आणि काही रुपयांवर वर्षाची खूण म्हणून बारीक ठिपके दिले होते, ते मोजावेत. सोनाराचा तोळा आणि त्या रुपयाचे वजन एकच, सुमारे ११.६६ ग्रॅम. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच उरली आणि १९४७ च्या वाघाच्या रुपयात ती मुळीच नाही. तो निकेलचा आहे.

नाणे चिंचेने अथवा राखेने घासू नये. चकाकी येते, पण अक्षरांच्या कडा कायमच्या झिजतात. देवाची नाणी घासण्याचा प्रघात घरोघर आहे. आजीला दुखवू नये, पण नोंद घासण्यापूर्वी उरकावी. आणि शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर तो विषय आपल्या वहीपुरता राहत नाही. या राज्याच्या १९६२ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते.

व्यापाऱ्याचा काहीच उपयोग नाही, असे मात्र माझे म्हणणे नाही. चांगला व्यापारी खरे-खोटे ओळखावयास शिकवितो, आणि त्याच्या अभावी आपली मुले फसतात. जत्रांतून ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘१८१८’ अशी अक्षरे आणि मागे राम-सीता किंवा मारुती असलेली नाणी विकावयास येतात. कंपनीने तसे नाणे कधीही पाडले नाही. दुसरा फसवणुकीचा प्रकार याहून वाईट. वैष्णोदेवीचे नाणे, ट्रॅक्टरची नोट यांना लाखो रुपये मिळतील, आधी थोडे शुल्क भरा, असे निरोप येतात. कित्येकदा रिझर्व्ह बँकेचे नावही घेतले जाते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने निवेदन काढून सांगितले की, अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणाकडूनही शुल्क घेत नाही. ज्याला संग्रह म्हणजे किंमत एवढेच ठाऊक, तोच अशा जाळ्यात आधी सापडतो. खरे नाणे डोळ्यांखाली घालावयाचे असेल तर कोल्हापूरचे टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय जवळ आहे; मोठ्या सहलीत नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संस्थेचे संग्रहालय अवश्य पाहावे.

ज्याला नाणे हातीच हवे असेल त्याने किराणा दुकानातील सुटी मोड चाळावी. सालाखाली चौकट असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, वाटोळा ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. चार टांकसाळींचा एकेक रुपया जमविण्यास चार रुपये लागतात. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती अजून कित्येक घरांच्या डब्यांत पडून आहेत व मागितल्यास फुकटही मिळतात.

शाळेने आपल्या ग्रंथालयात अशा नोंदींची एक मोठी वही ठेवावी, असे मला वाटते. दिवाळीच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक पान आणले तरी निपाणीपासून खानापूरपर्यंत कोणत्या गावी कोणते नाणे निघते, हे काही वर्षांत दिसू लागेल. मात्र त्या वहीत गावाचे नाव लिहावे, घराचे लिहू नये. सोन्याच्या पुतळ्या कोणाकडे आहेत हे चारचौघांत वाचले जाणे बरे नव्हे. घराचे नाव विद्यार्थ्याने आपल्या स्वतःच्या वहीत ठेवावे आणि ती वही घरीच असावी.