छंदाच्या रकान्यात काय लिहायचं?

'डेथ' नावाच्या बँडचा काळा टी-शर्ट घालणारा मुलगा बिघडलेला असतो, हे मत मी खडकवासल्याला कॅडेट होतो तेव्हापासून ऐकतोय. तेव्हा ते सीनियर्सचं मत होतं. आता माझ्याच वयाच्या लोकांचं आहे, आणि सगळ्यात ठामपणे मांडणारे माझे सन्माननीय निवृत्त वरिष्ठ आहेत. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी. सर, रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

निमित्त सांगतो. सध्या पोस्टिंग दिल्लीत आहे आणि राहायला नोएडाच्या बाजूला, माजी सैनिक भरपूर असलेल्या एका वसाहतीत. तिथली चार मुलं शनिवार-रविवारी तळघरातल्या एका खोलीत वाजवतात. भिंतींना जुन्या गाद्या लावल्यात, सातच्या ठोक्याला बंद करतात. तरी ग्रुपवर तक्रार आली. ती आवाजाची असती तर मी लिहायला बसलो नसतो, कारण आवाज मोजता येतो आणि वेळ ठरवता येते. तक्रार संस्कारांची होती. 'मृत्यूची गाणी', 'सैतानी प्रकार', 'आत्महत्येला प्रवृत्त करणारं संगीत' असे शब्द होते आणि खोली कायमची बंद करण्याचा प्रस्ताव होता.

त्या चौघांतला एक मुलगा साताऱ्याकडच्या एका निवृत्त अधिकाऱ्याचा. एसएसबीची तयारी करतोय. त्याच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या गृहस्थांनी, तेही फौजेतूनच निवृत्त झालेले, त्याला सल्ला दिला की मुलाखतीआधी जो पीआयक्यू फॉर्म भरतात, त्यात छंदाच्या रकान्यात हे अजिबात लिहायचं नाही. बागकाम लिही, ट्रेकिंग लिही. "काका, मला तर तुळशीचं रोपसुद्धा जगवता येत नाही," असं तो मला म्हणाला. हसण्यासारखं वाक्य आहे, पण मला हसू आलं नाही. त्यावर शेवटी बोलतो.

आधी 'मृत्यूची गाणी' घेऊ. डेथ हा फ्लोरिडातला बँड. चक शुल्डिनर नावाच्या मुलाने १९८३-८४ च्या सुमारास सुरू केला, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. थोरला भाऊ अपघातात गेला तेव्हा चक नऊ वर्षांचा होता. पोरगा त्या दुःखातून बाहेर यावा म्हणून आईवडिलांनी त्याच्या हातात गिटार दिली. १९८७ चा पहिला अल्बम खरोखरच रक्तबंबाळ आहे, भयपटांची आवड असलेल्या पोराने केलेला. तो मी कुणाला ऐकायला सांगणार नाही. पण पुढच्याच वर्षीच्या 'लेप्रसी' या अल्बममध्ये 'पुल द प्लग' नावाचं गाणं आहे. यंत्रांच्या आधारे जिवंत ठेवलेला एक रुग्ण त्यात बोलतो: मला मोकळं करा, हे माझं जगणं नव्हे.

मराठी वाचकाला हा विषय परका आहे का? परळच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं ती एका खाटेवर होती. पिंकी विराणी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने अरुणापुरती ती मागणी फेटाळली, पण उपचार थांबवण्याचा मार्ग अटींसह मान्य केला. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मानला. या तीस-चाळीस वर्षांत आपल्याकडे अग्रलेख आले, चर्चासत्रं झाली, घराघरांत वाद झाले. त्यांना कुणी सैतानी म्हटलं नाही. तोच प्रश्न एकवीस वर्षांच्या पोराने १९८८ मध्ये मोठ्या आवाजात विचारला, तर तो आत्महत्येचा प्रचार कसा होतो? यापुढच्या 'स्पिरिच्युअल हीलिंग'च्या मुखपृष्ठावर रुग्णावर हात ठेवून त्याला बरं करण्याचा आव आणणारा धर्मोपदेशक आहे. बुवाबाजीविरुद्ध कायदा करण्यासाठी ज्या महाराष्ट्राने डॉ. दाभोलकरांसारखा माणूस गमावला, त्याने तरी हे चित्र एकदा नीट बघावं.

आता गाण्याकडे. माझे वरिष्ठ म्हणतात, हे संगीतच नाही, गोंगाट आहे. याला माझा एकच प्रतिप्रश्न आहे: आपण किती ऐकलंत? बहुतेकांचं उत्तर दहा-वीस सेकंद असं असतं. दहा सेकंद ऐकून ख्यालाबद्दल मत देणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो ते मी इथे लिहीत नाही.

१९९१ चा 'ह्यूमन' घ्या. इथून डेथचं संगीत खऱ्या अर्थाने तांत्रिक झालं आणि पुढच्या डझनावारी बँडांनी इथूनच उचललं. ढोलांवर शॉन राइनर्ट, दुसऱ्या गिटारवर पॉल मास्विडाल, दोघेही जेमतेम वीस वर्षांचे. लेफ्टनंटही व्हायचं वय नाही. पहिलं गाणं ढोलांनी सुरू होतं. दोन्ही पायांनी वाजणारा तो घोष दुरून जवळ येतो आणि मग गिटार त्यावर स्वार होते. लय गाण्याच्या मध्येच बदलते, मात्रांचा हिशेब बदलतो, आणि चौघंही एकाच क्षणी वळतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी ड्रिल स्क्वेअरवर शंभर माणसांची टाच एका ठोक्यात वाजवली आहे, त्याला हे किती अवघड आहे हे दुसऱ्याने सांगायला नको.

बेसवर स्टीव्ह डिजॉर्जिओ आहे, आणि पडदे नसलेला बेस ही त्याची ओळख आहे. सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात, हे आपल्याला माहीत आहे. पडदे नसले की सुरावरून सुरावर घसरत जाता येतं आणि बोट केसभर चुकलं तरी सूर चुकतो. एवढ्या वेगात, एवढ्या गजरात, तो माणूस मींड काढतो. माझ्या ओळखीतले चाहते नेमक्या त्या जागेवर डोळे मिटतात. पुण्यात सवाई गंधर्वच्या मांडवात मी माणसांना असंच एखाद्या जागेवर डोळे मिटताना पाहिलं आहे. तिथे त्याला आपण रसिकता म्हणतो.

आवाजाबद्दल थोडं. तो गुरगुरणारा आवाज घशातून ओरडून निघत नाही. तसं केलं तर दोन गाण्यांत घसा बसेल. तो पोटातून काढतात. आपल्या ड्रिल उस्तादांनी आपल्याला वर्ड ऑफ कमांड द्यायला कसं शिकवलं ते आठवा. आवाज कुठून काढायचा हे त्यांनी पोटावर बोट ठेवून दाखवलं होतं. (शेवटच्या अल्बमवर चकने आवाज वर चढवला, तो मला आवडत नाही. यावरून माझं एका कोर्समेटशी वीस वर्षं भांडण चालू आहे.)

ज्यांना आवाजच सोसत नाही त्यांच्यासाठी १९९८ च्या 'द साउंड ऑफ पर्सिव्हियरन्स'मधली 'व्हॉइस ऑफ द सोल' ही रचना आहे. शब्द नाहीत, ढोल नाहीत, फक्त गिटार. चार मिनिटंही लागत नाहीत. ती ऐकून मग ग्रुपवर 'सैतानी' लिहावं.

चाहत्यांच्या बाजूने सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. काही जण वेग मोजत बसतात, जणू मिनिटाला किती ठोके यावरच कलेची किंमत ठरते. काही नव्या पोराची तोंडी परीक्षा घेतात: टी-शर्ट घातलास ना, मग पाच गाणी सांग. हे रॅगिंग आहे आणि ते मला अकादमीतही आवडलं नव्हतं. स्वतः शुल्डिनरला असल्या शिक्क्यांचा कंटाळा होता. मांजरीच्या पिल्लांचं चित्र असलेला टी-शर्ट घातलेला त्याचा फोटो चाहत्यांत प्रसिद्ध आहे. कवट्या मोजणाऱ्यांनी तो भिंतीवर लावावा.

आता गुडगाव. दिल्लीत हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला गुडगाव निघतंच. २८ ऑक्टोबर २०११, लेझर व्हॅली, मेटालिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम. स्टेजसमोरच्या अडथळ्यांची सुरक्षा पुरी पडेना, कार्यक्रम पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, चिडलेले लोक स्टेजवर चढले, सामान फोडलं, आणि शेवटी कार्यक्रम रद्द झाला. हे सगळं खरं आहे आणि तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही. पण पोलिसांनी अटक कुणाला केली? आयोजकांच्या माणसांना. आणि दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, तोच बँड बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला, तेव्हा काय झालं? गाणी झाली, लोक घरी गेले. संगीत तेच, काळे टी-शर्ट तेच. फरक बंदोबस्तात होता. सिव्हिल प्रशासनाच्या मदतीला गेलेला कुठलाही फौजी सांगेल: दूरवरून आलेल्या गर्दीला तासन्‌तास ताटकळत ठेवा, काय चाललंय ते सांगू नका, आणि मग 'परत जा' म्हणा. भजनाला आलेली गर्दीसुद्धा बिथरेल.

आणि हे फक्त परदेशातून आलेलं खूळ आहे म्हणावं, तर तेही खरं नाही. मुंबईत 'डेमॉनिक रिझरेक्शन' २००० पासून, 'भयानक मौत' २००३ पासून वाजवत आहेत. दिल्लीच्या 'अनडाइंग इंक'च्या विषम मात्रा मोजताना चांगल्या चांगल्यांची बोटं अडखळतात. शिलाँगच्या 'प्लेग थ्रोट'ची मुलं जर्मनीत वाकेनला वाजवून आली. ईशान्येकडे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे बटालियनमधल्या साध्या शिपायालाही गिटार धरता येते. तिथल्या जवानाचं हे संगीत चालतं, कारण 'त्यांचं कल्चर आहे'. साताऱ्याच्या मुलाने ऐकलं की मात्र संस्कार बुडतात. हा न्याय मला कळत नाही.

चाहते म्हणून ही माणसं कशी असतात, याचा एक पुरावा देतो. मे १९९९ मध्ये शुल्डिनरच्या मेंदूच्या मुळाशी गाठ निघाली. उपचारांचा खर्च कुटुंबाला झेपेना. तेव्हा इतर बँडांनी आणि जगभरच्या चाहत्यांनी पैसे उभे केले, कार्यक्रम केले. त्यातल्या बहुतेकांनी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. १३ डिसेंबर २००१ ला तो गेला, वय चौतीस. ती तारीख आपण कुणीच विसरणार नाही, अर्थात दुसऱ्या कारणाने. त्याच दिवशी दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. मला त्याच महिन्यात कमिशन मिळालं होतं. रजा अर्ध्यावर तुटली आणि पराक्रमसाठी मी राजस्थानात पोहोचलो. चक गेल्याचं मला कित्येक महिन्यांनी कळलं, आयझॉलच्या कोर्समेटच्या पत्रातून. तोवर मी त्यानेच भरून दिलेली 'सिम्बॉलिक'ची कॅसेट वाळू गेलेल्या वॉकमनवर ऐकत होतो. २०१२ पासून बँडचे जुने सदस्य 'डेथ टू ऑल' नावाने ती गाणी पुन्हा वाजवतात. पहिल्या दौऱ्यातून आजारी, अडचणीतल्या संगीतकारांसाठीच्या निधीला मदत झाली. आपण याला रेजिमेंटल स्पिरिट म्हणतो आणि त्याचा अभिमान बाळगतो.

म्हणून त्या फॉर्मकडे येतो. पीआयक्यूमध्ये लिहिलेल्या ओळीवरूनच मुलाखत घेणारा अधिकारी प्रश्न काढतो. बागकाम लिहिलेल्या मुलाला तो खत विचारील, हंगाम विचारील, आणि दोन मिनिटांत पोरगा उघडा पडेल. हा व्यवहाराचा मुद्दा झाला. पण सर, आपण ज्या इमारतीत मोठे झालो तिथे चुकीला एक्स्ट्रा ड्रिल होती आणि खोट्याला घरचा रस्ता. खोटं बोलणाऱ्याशेजारी खंदकात कुणाला बसायचं नव्हतं. आणि आता आपल्यातलेच एक निवृत्त अधिकारी वीस वर्षांच्या उमेदवाराला सांगतात की या नोकरीसाठी भरायच्या अर्जात खोटं लिही. कशासाठी? तर तो गाणं मन लावून ऐकतो, मात्रा मोजतो, रोज दोन तास एकच ओळ बोटं दुखेपर्यंत घोटतो, आणि तीन मित्रांशी जुळवून घेऊन ती वाजवतो, हे लपवण्यासाठी. निवड मंडळाला उमेदवारात जे हवं असतं ते याहून वेगळं काय असतं?

मी त्याला सांगितलं आहे की रकान्यात बँडचं नाव शुद्ध अक्षरात लिही. विचारलं तर 'पुल द प्लग' कशाबद्दल आहे ते सांग, अरुणा शानभागबद्दल वाच, दोन्ही बाजू मांड. नाकारला गेलास तर खरं बोलून नाकारला जा, पुन्हा बसता येतं.

खोलीच्या प्रस्तावावर रविवारी अकरा वाजता बैठक आहे. मी विरोधात मत देणार आहे आणि उघड देणार आहे. सातऐवजी साडेसहाला बंद करा म्हणालात तर मुलं ऐकतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. संस्कारांवर बोलणार असाल तर मात्र 'ह्यूमन' आधी ऐकून या. सबंध अल्बम जेमतेम चौतीस मिनिटांचा आहे. हेडफोन नसतील तर माझे घेऊन जा.