राज्य मागितले, राष्ट्र तोडले नाही

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा अभिमान राष्ट्रीय विचारांच्या माणसाने बाळगावा का, असा प्रश्न तरुण कार्यकर्ते कधी कधी विचारतात. प्रश्न रास्त आहे. श्रीगुरुजींचा भाषावार राज्यांना विरोध होता. एक देश, एक शासन हा त्यांचा आग्रह होता. फाळणीची जखम ताजी असताना तो अनाठायी नव्हता.

परंतु १९५५-५६ साली दिल्लीने जे केले, त्याला एकात्मता म्हणता येणार नाही. भाषेच्या तत्त्वावर १९५३ मध्ये आंध्र झाला. ते तत्त्व मुंबईपाशी येऊन मात्र थबकले. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय घोषित केला आणि गिरगाव, लालबाग, परळच्या रस्त्यांवर रक्त सांडले. निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होताच झाला, असा आक्षेप घेऊन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी पद सोडले. घटनेच्या तिसऱ्या कलमान्वये राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. विधिमंडळाचे केवळ मत विचारायचे. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्या मतालाही मुदतीचे बंधन आले. केंद्रापाशी अधिकार होता, विवेक नव्हता.

या अन्यायाविरुद्ध गिरगावच्या चाळींतील कारकून आणि परळचा गिरणी कामगार एकत्र उभे राहिले. समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, तसाच जनसंघही होता. १९५७ साली जनसंघाचे प्रेमजीभाई रणछोडदास आसर रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेले. लढा गुजराती माणसाविरुद्ध होता, असे म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. वेगळा देश तर कोणीच मागितला नव्हता.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. देश दुबळा झाला नाही. उलट १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी याच राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले.

केंद्र बलवान हवेच. पण त्याचे बळ प्रांतांच्या विश्वासातून येते, गोळीबारातून नव्हे. आणि प्रांताभिमानालाही मर्यादा हवी. शंभरहून अधिक हुतात्म्यांनी प्राण दिले ते मराठी राज्यासाठी, परप्रांतीय बांधवाच्या द्वेषासाठी नव्हे. हुतात्मा चौकात माथा टेकताना दिल्लीने आणि आपणही एवढे स्मरावे.