जोडलं म्हणजे बनवलं?

हल्ली गिटार वाजवणारी मुलं कोरस पेडल घरी 'बनवतात'. म्हणजे काय, तर किट मागवायचं, आकडे बघून भाग सोल्डर करायचे, आवाज आला की झालं! मला हे मान्य नाही. गाईड पाठ करून पास होण्यातलाच हा प्रकार.

अहो, त्या एमएन३००७ चिपमध्ये काय चालतं ते तरी समजून घ्या. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसा तिथे विद्युतभार १०२४ टप्प्यांतून सरकतो. क्लॉकचे ठोके सेकंदाला १ लाख असले, तर सूर साधारण ५ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. ठोक्यांचा वेग सावकाश कमीजास्त केला की सूर किंचित चढतो-उतरतो. तो मूळ सुरात मिसळला की दोन गिटारी वाजल्याचा भास होतो. १९७६ च्या बॉस सीई-१ पासून तत्त्व हेच.

हे कळलं, तर पेडल मुकं झाल्यावर आधी क्लॉक तपासायचं सुचतं. नाही कळलं, तर एका उलट्या बसवलेल्या कपॅसिटरपायी सगळी मेहनत कचऱ्यात.

"आम्हाला वाजवायचंय, शिकायचं नाही," म्हणाल. मग तयार पेडल घ्या की! त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त 'मी बनवलं' असं सांगत फिरू नका. पटतंय का बघा.