तुमच्या दुकानातला पोरगा तुम्हाला "थांबा" म्हणू शकतो का?



"सर, कम्युनिकेशन स्किल सुधारायचंय, कुठला कोर्स करू?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. विचारणाऱ्याच्या डोक्यात असतं फाडफाड इंग्रजी आणि स्टेजवरचं भाषण. माझं मत वेगळं आहे. धंद्यात कम्युनिकेशन म्हणजे वाईट बातमी मालकापर्यंत वेळेत पोहोचणं. ते शिकायचं असेल तर मर्चंट नेव्हीच्या ऑफिसर्सचं ट्रेनिंग बघा.

जहाजावरच्या अधिकाऱ्यांसाठी एसटीसीडब्ल्यू नावाचा 1978 चा आंतरराष्ट्रीय करार आहे. 2010 मध्ये मनिलाला त्यात मोठे बदल झाले आणि लीडरशिप, टीमवर्क, मॅनेजमेंट हे विषय ऑफिसर्सना सक्तीचे झाले. म्हणजे जहाज चालवता येणं पुरेसं नाही, माणसांसोबत चालवता आलं पाहिजे.

एवढी सक्ती कशाला? एक उदाहरण घ्या. 2015 साली 'एल फारो' हे अमेरिकन मालवाहू जहाज फ्लोरिडाहून प्वेर्तो रिकोला निघालं होतं. वाटेत वादळ. रात्री ड्युटीवरच्या दोन ऑफिसर्सनी आपापल्या पाळीत कॅप्टनला केबिनमध्ये फोन केला, मार्ग बदलायचं सुचवलं. कॅप्टनने ठरलेला मार्ग सोडला नाही. 1 ऑक्टोबरला जहाज बुडालं, 33 च्या 33 माणसं गेली. पुढे चौकशीत दोन्ही बाजू आल्या: कॅप्टनने सूचना पुरेशा मनावर घेतल्या नाहीत, आणि ऑफिसर्सनी आपली काळजी हवी तेवढ्या ठामपणे मांडली नाही.

आता आपल्याकडे या. "शेठ, तो माल जरा पडून राहतोय बहुतेक..." एवढं बोलून पोरगा गप्प बसतो. तुम्ही गल्ल्यावरून मान वर न करता म्हणता, "बघू नंतर." दोन महिन्यांनी तोच माल एक्स्पायर होतो आणि भांडवल अडकतं ते तुमचं. पोरगा बोलला नव्हता का? बोलला होता. फक्त ठामपणे बोलायची त्याला सवय नाही, आणि तुम्हाला ऐकायची.

जहाजावर हे स्वभावावर सोडत नाहीत, पद्धत लावतात. त्यातल्या तीन गोष्टी उचला.

1. ऑर्डर परत म्हणा. सुकाणूवरचा माणूस मिळालेली ऑर्डर मोठ्याने परत म्हणतो, आणि काम झालं की तेही सांगतो. दिशेचे आकडे एकेक सुटे बोलतात. फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखंच ऐकू येतं ना? मग "पाच-नऊ" म्हणा, आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या.

2. अर्धवट काम हातात देऊ नका. पाळी बदलताना एखादी हालचाल चालू असेल, तर ती पूर्ण होईपर्यंत ऑफिसर चार्ज देत नाही. रात्री नवा ऑफिसर डोळे अंधाराला सरावल्याशिवाय चार्ज घेत नाही. आणि आपल्याकडे? सकाळचा माणूस चप्पल घालता घालता ओरडतो, "ती पार्टी येईल पेमेंटला!" कुठली पार्टी, किती पेमेंट? वहीत दोन ओळी लिहून द्यायला लावा.

3. मला कधी उठवायचं, हे लिहून ठेवा. कॅप्टन झोपायला जाताना रात्रीच्या सूचना लिहून, सही करून जातो. कशासाठी बोलवायचं, ते त्यात असतं. तुम्हीही लिहा: उधारी अमुक रकमेच्या वर गेली, गिऱ्हाईक चिडून गेलं, गल्ल्यात फरक आला, तर लगेच फोन. या फोनवर मी ओरडणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं!

काही जण म्हणतील, "अहो, पोरांना एवढं बोलू दिलं तर डोक्यावर बसतील." नाही बसत. जहाजावर आजही शेवटचा शब्द कॅप्टनचाच असतो. हे ट्रेनिंग त्याचा अधिकार काढून घेत नाही, फक्त त्याच्या शेवटच्या शब्दाआधी बाकीच्यांचं बोलणं व्हावं एवढं बघतं. माझ्या दुकानातही भाव मीच ठरवतो, पण "हा भाव चालणार नाही" असं तोंडावर सांगणारा माणूस मला पगार देऊन हवा आहे.

दोनच माणसं कामाला आहेत म्हणून हे टाळू नका. उलट दोन असतानाच सवय लावा, वीस झाल्यावर जड जातं.

आज दुकान बंद करताना कामावरच्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "या महिन्यात मला सांगायचं राहून गेलं, असं काय आहे?" विचारल्यावर एक मिनिट गप्प बसा. जे ऐकू येईल त्यावर चिडू नका, वहीत लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!